पी ३८ पिस्तूल कुठं आणि कधी बनलं, हे कसं ओळखायचं: ठसे वाचण्याचा क्रम

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याचं पी ३८ हे पिस्तूल मराठी लेखांत, प्रश्नमंजुषांत आणि प्रदर्शनांच्या फलकांवर सारखं भेटतं. त्याखालची ओळ बहुतेक वेळा अशी असते: ‘वाल्थर कंपनीचं पिस्तूल, १९३८’. या एवढ्याशा ओळीत दोन चुका असू शकतात. ३८ हा नमुन्याचा आकडा आहे, ते पिस्तूल बनल्याचं वर्ष नव्हे. आणि युद्धकाळात हे पिस्तूल एकट्या वाल्थरनं नव्हे, तीन कारखान्यांनी बनवलं. एकूण संख्या दहा लाखांच्या वर गेली, आणि त्यातली साधारण निम्मीच वाल्थरची होती.

खरं उत्तर पिस्तुलावरच ठोकलेलं असतं. ते चुकतं याचं कारण ठसे भलत्या क्रमानं वाचले जातात: आधी गरुड दिसतो, मग एखादा दोन आकडी अंक, आणि तेवढ्यावर निष्कर्ष निघतो. खालचा क्रम छायाचित्रावरून किंवा काचेआडच्या वस्तूवरून काम करणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या वगळू नका. विशेषतः दुसरी आणि सहावी.

तयारी: हात लावण्याआधी

हे खरं शस्त्र आहे आणि ऐंशी वर्षांनंतरही ते चालू शकतं. भारतात कोणतंही बंदुकीचं शस्त्र परवान्याशिवाय बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे आणि ९ मिमीचं पिस्तूल तर सर्वसामान्य नागरिकांसाठी निषिद्ध वर्गात मोडतं. पणजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं, तर ठसे वाचण्याचा मोह बाजूला ठेवा. जिथं आहे तिथंच राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा. संग्रहालयातली वस्तू असेल, तर ती हाताळणं आणि उघडणं हे तिथल्या जबाबदार माणसाचं काम आहे. तुम्हाला हवीत ती छायाचित्रं.

किमान एवढी छायाचित्रं मिळवा:

- डावी बाजू, संपूर्ण
- उजवी बाजू, संपूर्ण
- स्लाइडच्या (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) डाव्या बाजूवरचा मजकूर, जवळून
- फ्रेमवरचा (मूठ आणि चाप असलेल्या सांगाड्यावरचा) क्रमांक, चापाच्या कडीच्या वरच्या भागात
- उजव्या बाजूचे सगळे शिक्के, एकेक करून
- नळीवरचा क्रमांक आणि शिक्के
- मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी), दोन्ही बाजूंनी

प्रकाश समोरून टाकू नका, ठसे सपाट दिसतात. दिवा एका कडेला, अगदी खाली धरायला सांगा म्हणजे खोबणीत सावली पडते आणि झिजलेलं अक्षरही उठून येतं. ठशांत खडू किंवा रंग भरायला कुणालाही सांगू नका. धातूवरचा मूळ थर त्यानं खराब होतो आणि ठसा खरा की नंतर ठोकलेला, हे ओळखण्याची खूणच जाते.

> सावधान: बहुतेक पिस्तुलांत रिकामी पुंगळी उजवीकडे उडते. पी ३८ मध्ये ती डावीकडे उडते. त्यामुळे पुंगळी पकडणारा हूक डाव्या बाजूला दिसला की काही जण ‘चित्र उलटं झालंय’ असं समजून ते आरशासारखं फिरवतात. चित्र सुलट आहे का, हे अक्षरांवरून ठरवा.

पायरी १: हे नक्की युद्धकाळातलं आहे का?

ही चाळणी आधी लावली नाही, तर पुढचं सगळं वाचन वाया जातं.

युद्धानंतर वाल्थर कंपनी पश्चिम जर्मनीत उल्म इथं उभी राहिली आणि १९५७ पासून याच पिस्तुलाचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. नव्या जर्मन सैन्यात १९६३ पासून ते पी १ या नावानं ओळखलं गेलं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. फरक असे:

- युद्धकाळातली फ्रेम पोलादी होती, युद्धोत्तर लष्करी पिस्तुलाची ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची.
- स्लाइडवर वाल्थरच्या नावासोबत उल्म हे गाव दिसलं, तर पिस्तूल युद्धानंतरचं.
- फ्रेममधून आरपार गेलेला षटकोनी खिळा दिसला, तर ते सत्तरच्या दशकातलं किंवा नंतरचं.

मुठीवरच्या पट्ट्यांवरून इथं निकाल देऊ नका. त्या एका स्क्रूनं बसतात आणि कुणीही बदलू शकतो.

खेळण्यातल्या आणि चित्रीकरणाच्या नकला हा आणखी एक सापळा. त्यांवर युद्धकाळातले ठसे हुबेहूब छापलेले असतात. अक्षरं खोल ठोकलेली नसून साच्यातून आल्यासारखी गुळगुळीत, गोल काठांची दिसली, तर तिथंच थांबा.

पायरी २: कारखान्याची सांकेतिक खूण शोधा

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून इथं वेळ द्या.

शस्त्र कुणी बनवलं हे शत्रूला कळू नये म्हणून जर्मन लष्करानं कारखान्यांची नावं काढून आधी आकडे आणि मग लहान रोमन अक्षरं ठोकायला लावली. पी ३८ वर ही खूण स्लाइडच्या डाव्या बाजूला, नमुन्याचं नाव आणि अनुक्रमांक यांच्याच रांगेत असते.

*वाल्थरचं बोधचिन्ह आणि शून्यानं सुरू होणारा क्रमांक.* थुरिंगियातल्या झेला-मेलिस गावच्या वाल्थर कारखान्याची ही पहिली लष्करी पिस्तुलं, १९३९-४० मधली, सुमारे १३ हजार. यांवर कंपनीचं नाव उघड दिसतं. सुरुवातीच्या पिस्तुलांत पुंगळी पकडणारा हूक स्लाइडच्या आत लपलेला आहे, नंतरच्यांत तो बाहेर दिसतो.

*४८०.* हीसुद्धा वाल्थरच. १९४० मध्ये काही महिनेच ही खूण वापरली गेली आणि सात हजारांच्या आसपास पिस्तुलांवर ती आहे. काही लोक हा आकडा तपासनिसाचा समजतात. तसं नाही, तो कारखान्याचा आहे.

*एसी.* १९४० च्या उत्तरार्धापासून युद्ध संपेपर्यंत वाल्थरची खूण. सुरुवातीच्या थोड्या पिस्तुलांवर नुसतीच ‘एसी’ आहे, वर्ष नाही. पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे आले.

*बीवायएफ.* ओबर्नडॉर्फचा माऊझर कारखाना. माऊझर १९४२ पर्यंत सैन्यासाठी जुनं पी ०८, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं ल्यूगर, बनवत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पी ३८ कडे वळला. म्हणून ४२ सालची बीवायएफ खूण फार कमी पिस्तुलांवर आहे, आणि कमी म्हणून तिची बनावटही होते.

*एसव्हीडब्ल्यू.* हासुद्धा माऊझरच. १९४५ मध्ये खूण बदलली, कारखाना तोच राहिला.

*सीवायक्यू.* श्प्रेवेर्क. कंपनी बर्लिनमधल्या श्पांडाऊची, पण पिस्तुलं बनत ग्रोटाऊ इथं. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव ह्राडेक नाद निसौ. उत्पादन १९४२ मध्ये सुरू झालं.

> सावधान: काही पिस्तुलांवर ‘सीव्हीक्यू’ असं वाचता येतं. हा चौथा कारखाना नव्हे. श्प्रेवेर्कच्या ठशातल्या ‘वाय’ अक्षराची शेपटी तुटली आणि तो ‘व्ही’सारखा उमटू लागला. ठसा बदलला नाही, काम तसंच चालू राहिलं.

> सावधान: इथले नियम ल्यूगरला लावू नका. ल्यूगरच्या वरच्या सांध्यावर ‘४२’ दिसलं, तर ती माऊझरची जुनी आकडी खूण असू शकते. तिथं वर्ष वेगळ्या जागी, नळीच्या मागच्या भागावर असतं. ‘४२’ला वर्ष समजून १९४१ चं पिस्तूल १९४२ चं ठरवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

तपासा: आतापर्यंत तुमच्याकडे एकच गोष्ट आली आहे: स्लाइडवर कोणत्या कारखान्याची खूण आहे. ‘पिस्तूल अमुक कारखान्याचं आहे’ असं अजून लिहू नका.

पायरी ३: वर्ष वाचा

वाल्थर आणि माऊझर यांच्या खुणेला जोडून दोन आकडे असतात: ४१, ४२, ४३ असे. हेच उत्पादनाचं वर्ष.

वाल्थरच्या खुणेत अक्षरं वर आणि आकडे खाली, अशा दोन ओळी असू शकतात. १९४३ मध्ये दोन्ही पद्धती सापडतात, आधी दोन ओळींची आणि नंतर एका ओळीची. छायाचित्र जवळून कापलं की खालची ओळ हमखास सुटते, आणि मग वर्ष नसलेलं दुर्मीळ ‘एसी’ मिळाल्याचा आनंद होतो. मूळ, न कापलेलं चित्र मागवून खात्री करा.

श्प्रेवेर्कनं वर्ष ठोकलंच नाही. म्हणून ‘सीवायक्यू, १९४३’ असं कुठं लिहिलेलं दिसलं, तर ते कुणीतरी क्रमांकावरून बांधलेला अंदाज आहे, धातूवरचा पुरावा नाही. तुम्ही लिहिताना ‘१९४२-४५’ लिहा, आणि क्रमांकावरून काही म्हणायचं असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द जोडा.

पायरी ४: अनुक्रमांक उलगडा

क्रमांक सलग लाखांपर्यंत जात नाही. जास्तीत जास्त दहा हजारांचा एक गट. पहिला गट अक्षराविना, मग आकड्यांमागे ए, मग बी, असं पुढे. वाल्थरनं १९४१ पासून दर वर्षी ही मोजणी नव्यानं सुरू केली.

उदाहरण घेऊ. समजा, स्लाइडवर ‘एसी ४२’ आहे आणि क्रमांक ५३२० सी. अक्षराविना दहा हजार, ए चे दहा हजार, बी चे दहा हजार आणि त्यावर ५,३२०. म्हणजे हे वाल्थरच्या त्या वर्षातलं साधारण ३५ हजारावं पिस्तूल. ‘५,३२० वं’ असं लिहिलं, तर तीस हजार पिस्तुलं हिशेबातून गळाली.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, मागचं अक्षर हा क्रमांकाचाच भाग आहे. ते न लिहिता क्रमांक नोंदवणं म्हणजे अर्धा क्रमांक नोंदवणं. वाल्थरवर ५३२० हा क्रमांक एकाच वर्षात अनेक पिस्तुलांवर आणि पुन्हा वेगवेगळ्या वर्षांत आलेला असतो. कारखान्याची खूण, वर्ष, आकडा आणि अक्षर अशी चारही मिळूनच एका पिस्तुलाची ओळख पटते.

दोन, १९४० सालाला हा नियम जसाच्या तसा लागत नाही. त्या वर्षी खूण ४८० वरून एसी झाली, पण क्रमांक मागून पुढे चालूच राहिले. खूण बदलली म्हणजे मोजणी एकपासून सुरू झाली, असं गृहीत धरू नका.

तीन, श्प्रेवेर्कची मोजणी वर्षागणिक नव्यानं होत नव्हती. तिथं सी अक्षराचा क्रमांक सगळ्या युद्धकाळाच्या उत्पादनातली जागा सांगतो. सुरुवातीची अक्षरं आधीची, शेवटची अक्षरं नंतरची, एवढं खात्रीनं म्हणता येतं.

> सावधान: शून्यानं सुरू होणारा क्रमांक दिसला की लोक थेट वाल्थरच्या पहिल्या मालिकेवर उडी मारतात. युद्धाच्या अगदी अखेरीस श्प्रेवेर्कनंही शून्यानं सुरू होणारे क्रमांक दिले. आधी कारखान्याची खूण पाहा. १९३९ आणि १९४५ यांच्यातला फरक तिथंच मिटतो.

पायरी ५: तपासणीचे शिक्के वाचा

आता गरुडाकडे वळा. गरुड दोन प्रकारचे असतात.

पंजात नाझी स्वस्तिक धरलेला, आकडा नसलेला गरुड म्हणजे दाबाच्या चाचणीत भाग टिकल्याची खूण. गरुडाखाली आकडा असला, तर तो लष्कराच्या तपासनिसाचा शिक्का. हा आकडा तपासणी पथकाचा असतो आणि पथक कारखान्याशी जोडलेलं असतं, म्हणून तो पायरी २ चा पडताळा देतो:

- ३५९: वाल्थर
- १३५: माऊझर
- ८८: श्प्रेवेर्क
- १४०: बेल्जियममधल्या हर्स्टालचा एफएन कारखाना

शेवटची नोंद पाहून चक्रावू नका. जर्मन ताब्यात असलेला एफएन कारखाना पूर्ण पिस्तूल बनवत नव्हता. तो स्लाइड आणि फ्रेमसारखे सुटे भाग पुरवत होता. असा भाग असलेलं पिस्तूल मिळालं, तर ते कुणीतरी जोडजमव करून उभं केलेलं असेलच असं नाही. वाल्थरच्या उशिराच्या, विशेषतः ४४ आणि ४५ सालच्या पिस्तुलांत एफएनचे भाग कारखान्यातच बसवलेले आहेत. हर्स्टालजवळचा लिएज परिसर सप्टेंबर १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांनी मुक्त केला, तेव्हा हा पुरवठा तुटला. आधी येऊन पडलेले भाग मात्र नंतरही वापरले गेले.

नळ्या आणि मॅगझिनही बाहेरून येत. नळीवर ‘एफएनएच’ दिसलं, तर ती प्रागच्या कारखान्याची. मॅगझिनवर ‘जेव्हीडी’ असेल, तर तोही पुरवठादार, पिस्तुलाचा कर्ता नव्हे. मॅगझिनवरच्या अक्षरांवरून पिस्तुलाचा कारखाना ठरवलेले फलक मी पाहिले आहेत, आणि ते बदलून घेण्यासाठी भांडायची माझी तयारी असते.

माऊझरच्या काही पिस्तुलांवर गरुडासोबत एल किंवा एफ हे अक्षर असतं. ती पोलिसांसाठी स्वीकारलेली.

> सावधान: स्वस्तिकधारी गरुड दिसला म्हणून पिस्तूल ‘एसएस’चं किंवा ‘अधिकाऱ्याचं’ ठरत नाही. हा शिक्का लाखो पिस्तुलांवर आहे. कुणाच्या कमरेला ते होतं, हे या शिक्क्यांवरून कळत नाही.

पायरी ६: भाग आपसांत जुळवा

स्लाइड, फ्रेम आणि नळी या तिन्हींवर क्रमांक असतो. तिन्ही क्रमांक अक्षरासकट शेजारी शेजारी लिहून काढा.

तिन्ही जुळले, तर पायरी २ ते ४ मधलं वाचन संपूर्ण पिस्तुलाला लागू होतं. एखादा वेगळा निघाला, तर तुमचं वाचन फक्त त्या त्या भागापुरतं. स्लाइडवर ‘बीवायएफ ४४’ आणि फ्रेमवर भलताच क्रमांक असेल, तर ‘१९४४ चं माऊझर पिस्तूल’ हे वाक्य लिहिताच येत नाही. ‘माऊझरची १९४४ ची स्लाइड’ एवढंच लिहिता येतं. बहुतेक चुकीच्या नोंदी याच पायरीवर तयार होतात, कारण खूण आणि वर्ष दोन्ही स्लाइडवरच असल्यानं बाकीचं कुणी पाहत नाही.

भाग का बदलतात? पूर्व आघाडीवर सोव्हिएत सैन्याला पी ३८ मोठ्या संख्येनं मिळाली. युद्धानंतर ती सुटी करून, दुरुस्त करून, भाग सरमिसळ बसवून साठवली गेली. अशा पिस्तुलांवर मूळ थराऐवजी दाट, काळसर एकसारखा रंग दिसतो, आणि क्रमांक जुळवण्यासाठी विजेच्या कोरणीनं हातानं लिहिलेले आकडे. ठोकलेला आकडा आणि कोरलेला आकडा यांत फरक करायला शिका. कोरलेल्या आकड्याची रेघ थरथरती असते. ‘क्रमांक जुळतात’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा नेमका हाच प्रकार झाकलेला असू शकतो.

पायरी ७: पृष्ठभाग पाहा, पण शेवटी

१९४० चं वाल्थर आरशासारखं घोटलेलं असतं. १९४४ च्या पिस्तुलावर कापणीच्या यंत्राच्या रेषा उघड दिसतात. श्प्रेवेर्कचं काम बाहेरून तिघांत सगळ्यात खडबडीत. माऊझरच्या उशिराच्या पिस्तुलांत एक भाग करडा आणि दुसरा निळसर काळा, असा दुरंगीपणाही आढळतो. कारण सरळ आहे: घोटाईला लागणारे तास वाचवून संख्या वाढवायची होती.

खडबडीतपणावरून कारखाना ठरवू नका आणि चकचकीतपणावरून वर्षही नाही, कारण पिस्तूल नंतर पुन्हा घोटता येतं. पृष्ठभागाचा उपयोग उलट तपासणीसाठी. ‘एसी ४४’ असूनही आरशासारखं चमकत असेल, तर शंका घ्या. घोटाईमुळे ठशांच्या कडा गोल झाल्या आहेत का, ते पाहा.

पायरी ८: युद्ध संपल्यावर बनलेलं ‘युद्धकाळातलं’ पिस्तूल

ओबर्नडॉर्फ एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याच्या हाती आलं. कारखाना बंद पडला नाही. फ्रेंचांनी उरलेल्या भागांतून आणि नव्या उत्पादनातून पी ३८ बनवणं चालू ठेवलं, तेही माऊझरच्याच एसव्हीडब्ल्यू खुणेनं.

म्हणून ‘एसव्हीडब्ल्यू ४५’ दिसल्यावर लगेच जर्मन सैन्याचं नाव लिहू नका. फ्रेंच स्वीकृतीचा पाच टोकांचा तारा शोधा. करडा थर आणि पत्र्याच्या मुठी या आधाराच्या खुणा, पण निर्णय ताऱ्यावर. ‘४६’ असेल तर प्रश्नच उरत नाही, तेव्हा जर्मनीकडे सैन्यच नव्हतं.

पायरी ९: सोबतची कथा तारखेशी ताडून पाहा

पिस्तुलासोबत बहुधा एखादी कहाणी येते. तिचा मान ठेवा, पण ठशांशी ती जुळते का, हे पाहिल्याशिवाय छापू नका. उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सैन्यानं मे १९४३ मध्ये ट्युनिशियात शरणागती पत्करली. त्यामुळे ‘आफ्रिकेत मिळालेलं’ आणि ‘बीवायएफ ४४’ या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

आपल्याकडच्या घराण्यांत अशा आठवणी आहेत, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी आफ्रिकेत आणि इटलीत लढल्या. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरनच्या लढाईत समोर इटालियन वसाहतीचं सैन्य होतं, ज्यांच्या अधिकाऱ्यांकडे प्रामुख्यानं बेरेटा हे इटालियन पिस्तूल असे. इटलीत, जिथं यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, समोर जर्मन होते. तेव्हा ‘केरनला मिळालेलं जर्मन पिस्तूल’ असं कुणी सांगितलं, तर आजोबांवर अविश्वास दाखवू नका. बहुधा दोन मोहिमांच्या आठवणी एकत्र झालेल्या असतात. त्यांच्या सेवा-नोंदीतलं १९४४-४५ चं पान काढायला सांगा.

पायरी १०: नोंद लिहा

नोंदीत प्रत्येक गोष्ट कशावरून कळली, ते वेगळं ठेवा. क्रम असा: नमुना, कारखाना आणि त्याचं गाव, वर्ष, अक्षरासह क्रमांक, कोणते भाग जुळतात, नंतरचे बदल. एक नमुना:

‘पी ३८, ९ मिमी. स्लाइड: वाल्थर, झेला-मेलिस, १९४२ (खूण एसी ४२), क्रमांक ५३२० सी. फ्रेम: तोच क्रमांक. नळी: क्रमांक वेगळा, एफएनएच खूण. शिक्के: गरुड ३५९. मॅगझिन नंतरचं.’

फक्त डाव्या बाजूचं एकच छायाचित्र हाती असेल, तर नोंद ‘स्लाइडवरील खुणेनुसार’ या शब्दांनी सुरू करा आणि नळी व उजव्या बाजूच्या जागा कोऱ्या सोडा. पुढं कुणाला उरलेली चित्रं मिळाली, तर त्याला नेमकं काय भरायचं आहे, हे कळेल.